उभं राहिलं की अंधारी येते? ऑटोनॉमिक टेस्ट पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते, अख्खी नोकरी उभ्यानं काढली आणि रिटायर झाल्यावर सहा-सात वर्षांनी त्यांना नीट उभंच राहता येईना. सकाळी आंघोळ करून देवासमोर बसायचे आणि उठताना भिंत धरायचे, एकदा तर समईवरच पडले. आम्ही डॉक्टरांना सांगितलं "चक्कर येते" आणि या एका शब्दानं आमचं वर्षभर घालवलं. चक्कर म्हटलं की कानाचे डॉक्टर, मग मानेचा एक्स-रे, मग मेंदूचा एमआरआय, टूडी इको, होल्टर, मानेच्या रक्तवाहिन्यांचं डॉपलर, सगळं नॉर्मल. प्रत्येक ठिकाणी बीपी बघितलं, प्रत्येक ठिकाणी खुर्चीत बसवून बघितलं, आणि प्रत्येक ठिकाणी "बीपी मस्त आहे हो काका". शेवटी एका तरुण रेसिडेंट डॉक्टरनं त्यांना आधी पाच मिनिटं झोपवलं, मग उभं केलं. झोपून १५८/९०, तीन मिनिटं उभं राहिल्यावर ९४/६०. मशीन तेच, माणूस तोच.

म्हणून हे लिहितेय. ज्यांना नुकतंच कोणीतरी "ऑटोनॉमिक फंक्शन टेस्ट करून घ्या" असं चिठ्ठीवर लिहून दिलंय, किंवा ज्यांना अजून कोणीच दिलं नाहीये पण लक्षणं तशीच आहेत, अशांसाठी. मी डॉक्टर नाही, पण दोन वर्षं फायली घेऊन फिरलेय आणि वाचून, विचारून जे कळलं ते क्रमानं सांगते. औषध बंद-चालू करायचं ते मात्र तुमच्या डॉक्टरांनीच.

आधी शब्द नीट वापरा

ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टीम म्हणजे आपण न सांगता जी कामं चालतात त्यांचं वायरिंग. उभं राहिलं की गुरुत्वाकर्षणानं अर्धा लिटर ते पाऊण लिटरच्या आसपास रक्त पोटात आणि पायात उतरतं, ते लगेच वर ढकलायचं, पायाच्या रक्तवाहिन्या आवळायच्या, नाडी थोडी वाढवायची, हे सगळं काही सेकंदात आपोआप होतं. घाम, लघवी, पोट साफ होणं, बुबुळाच्या मधल्या काळ्या भागाचं लहान-मोठं होणं, पुरुषांमधली लैंगिक ताठरता, हे पण याच वायरिंगवर. ते बिघडलं की ऑटोनॉमिक फेल्युअर.

तर डॉक्टरांकडे "चक्कर" म्हणू नका. आपल्या मराठीत घर गरगर फिरतं त्यालाही चक्कर आणि डोळ्यापुढं अंधारी येते त्यालाही चक्कर, आणि वैद्यकीय दृष्ट्या हे दोन वेगळे रस्ते आहेत. असं सांगा: "गरगरत नाही, अंधारी येते, उभं राहिल्यावर येते, आडवं झालं की दोन मिनिटात जाते." एवढं एक वाक्य आम्ही पहिल्या दिवशी बोललो असतो तर बरेच पैसे वाचले असते.

सोबत एका कागदावर खालच्या गोष्टी आहेत का नाहीत ते लिहून न्या, कारण विचारल्याशिवाय पेशंट सांगत नाही आणि वेळ नसला की डॉक्टर विचारत नाहीत. उभं असताना मान आणि दोन्ही खांदे भरून येतात आणि झोपलं की बरं वाटतं का (हे स्पॉन्डिलायसिस समजून आम्ही शेक देत बसलो होतो). जेवल्यानंतर तासा-दोन तासात ग्लानी येते का. घाम कमी झालाय का, की पाय कोरडे आणि तोंड-मानेवर मात्र धो-धो घाम. लघवी अडते की थांबत नाही. बद्धकोष्ठता. झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, स्वप्नातली मारामारी खरीच करणं. वास येईनासा होणं. शेवटच्या दोन गोष्टींचा बीपीशी काय संबंध असं वाटेल, पण पार्किन्सन आणि त्याच्या भावकीतल्या आजारांची ती फार आधीची खूण असू शकते, कंपवात सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधीची. आणि लैंगिक तक्रार असेल तर ती पण लिहा, मुलीसमोर वडील सांगणार नाहीत, कागद त्यांनाच भरू द्या.

घरची टेस्ट, जी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची

माझं स्पष्ट मत आहे की टिल्ट टेबलला (पेशंटला बांधून उभं करतात ते टेबल) हजारो रुपये घालायच्या आधी हा तक्ता आठवडाभर घरी करा. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. कफ दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला छोटा कफ लावला की आकडा उगाच जास्त येतो.

पद्धत अशी. पेशंटला किमान पाच मिनिटं पूर्ण आडवं झोपवा, गप्पा नाहीत, मोबाईल नाही. बीपी आणि नाडी दोन्ही लिहा. मग उभं करा आणि १ मिनिटानी, ३ मिनिटांनी, जमलं तर ५ आणि १० मिनिटांनी परत दोन्ही लिहा. उभं असताना कफवाला हात खाली लोंबकळू देऊ नका, तो छातीच्या उंचीवर टेबलावर किंवा तुमच्या हातावर टेकवून ठेवा. हात खाली असला की मशीन खरंय त्यापेक्षा जास्त बीपी दाखवतं आणि नेमकी जी घसरण शोधायचीय तीच लपते, आम्ही पहिले तीन दिवस हीच चूक केली. पेशंट एकटा असताना हे कधीच करू नका, मागं पलंग किंवा खुर्ची हवी, अंधारी आली की टेस्ट संपली, लगेच आडवं करायचं. "अजून एक मिनिट थांबा ना अण्णा" असलं काही नको.

मशीन उभ्या स्थितीत एरर दाखवत असेल तर बॅटरी बदलून चिडचिड करण्याआधी पेशंटकडे बघा, बीपी फार खाली गेलं की पण एरर येतो, ते पण लिहून ठेवा.

वेळा: सकाळी उठल्या उठल्या गोळ्या आणि चहाच्या आधी, दुपारी जेवणानंतर तासाभरानं, आणि रात्री झोपताना. सकाळचा आकडा बहुतेकांचा सगळ्यात वाईट असतो, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या ओपीडीत बीपी छान आलं याला फार अर्थ नाही.

आता आकडे वाचायचे कसे. उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा जास्त उतरलं, किंवा खालचं १० किंवा जास्त, तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात, ही व्याख्या १९९६ साली ठरली आणि २०११ साली परत तपासली गेली. झोपून मुळातच बीपी जास्त असेल तर ३० ची घसरण धरतात. काहींचं तीन मिनिटांनंतर हळूहळू उतरतं, म्हणून १० मिनिटांचं रीडिंग म्हटलं.

पण बीपी उतरणं म्हणजे लगेच नसांचा (इथं नसा म्हणजे ते वायरिंग, मज्जातंतू, रक्तवाहिन्या नव्हे) आजार नाही हं. जुलाब झाले, पाणी कमी प्यायलं, रक्त कमी असलं, गोळी जास्त झाली तरी उतरतं. फरक कळतो नाडीवरून, आणि नाडी कोणी लिहितच नाही! नसा शाबूत असतील तर बीपी पडलं की नाडी घोड्यासारखी धावते, भरपाई करायला. नसाच गेल्या असतील तर बीपी कोसळतं आणि नाडी ढिम्म. अण्णांचं वरचं बीपी ६४ नी उतरलं होतं आणि नाडी ७२ वरून फक्त ७६ झाली होती. नाडी किती वाढली भागिले वरचं बीपी किती उतरलं, हा भागाकार ०.५ पेक्षा कमी आला तर संशय नसांवर, ४ भागिले ६४ म्हणजे ०.०६. हा हिशोब २०१८ च्या एका अभ्यासातून आलाय आणि कुठल्याही मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. फक्त पेशंट मेटोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी गोळी) घेत असेल, पेसमेकर असेल किंवा नाडी अनियमित असेल तर हा हिशोब चालत नाही.

उलट प्रकार पण बघा. तरुण मुलगी, बीपी उतरत नाही पण उभं राहिलं की १० मिनिटांत नाडी ३० नी वाढते (१२ ते १९ वयात ४० नी), धडधड, हात थरथर, आणि हे तीन महिन्यांच्या वर चाललंय, तर तो पॉट्स. त्रास खराच असतो, पोरींना "टेन्शन घेते" म्हणून घरी पाठवतात ते चूक, पण ते ऑटोनॉमिक फेल्युअर नव्हे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यालाच डिसऑटोनोमिया (या वायरिंगचा कुठलाही बिघाड) म्हणतात आणि मग पॉट्सवाली मुलगी एमएसएबद्दल (मेंदूचा गंभीर आजार, पुढं सांगते) वाचून रात्रभर रडते, असं प्रत्यक्षात बघितलंय.

गोळ्यांची पिशवी ओता

घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओता आणि नावं लिहा. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, प्राझोसिन, बीपीच्या गोळीत मिसळलेली पाण्याची गोळी, छातीत दुखण्यासाठीची नायट्रेट, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अॅमिट्रिप्टिलिन, शुगरची डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन ज्यानं लघवी जास्त होते, पार्किन्सनची लेवोडोपा, सिल्डेनाफिल. यातली प्रत्येक उभ्याचं बीपी पाडू शकते. अण्णांची टॅम्सुलोसिन एका डॉक्टरांनी दिलेली, बीपीची दुसऱ्यांनी, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. काही लोकांचा प्रश्न इथंच सुटतो, पुढचं काहीच करावं लागत नाही.

याच टप्प्यावर साध्या रक्ताच्या टेस्ट होतात: हिमोग्लोबिन, शुगर आणि एचबीएवनसी, बी १२ (वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे आणि शुद्ध शाकाहारी, दोघांनीही), सोडियम-पोटॅशियम, थायरॉइड, गरज वाटली तर सकाळचं कॉर्टिसॉल. ईसीजी आणि इको हे कारण हृदयात नाही ना ते बघायला. आपल्याकडे ऑटोनॉमिक नसा बिघडायचं सगळ्यात मोठं कारण डायबेटिसच आहे. आणि त्वचेवर बधिर, फिकट, घाम न येणारा चट्टा असेल तर तो पण दाखवा, कुष्ठरोग अजून गेलेला नाही आणि तो घामाच्या नसाही खातो.

टेस्ट कुठं करायची आणि फोनवर काय विचारायचं

न्यूरॉलॉजिस्ट ही टेस्ट लिहून देतात. ती होते तीन प्रकारच्या ठिकाणी: मोठ्या हॉस्पिटलचा न्यूरॉलॉजी विभाग, कार्डिओलॉजीवाल्यांकडे टिल्ट टेबल, आणि तिसरं ठिकाण जे कोणाला माहीतच नसतं, मेडिकल कॉलेजचा फिजिऑलॉजी विभाग. दिल्लीच्या एम्समध्ये ही लॅब फिजिऑलॉजीकडेच आहे, आणि बंगळुरूच्या निमहॅन्समध्ये न्यूरोफिजिऑलॉजीकडे. तुमच्या जवळच्या सरकारी कॉलेजमध्ये चौकशी करा, एमडीचे विद्यार्थी तिथं रोज हे करत असतात आणि खर्च कमी.

फोनवर दोन प्रश्न विचारा. एक, बोटाला कफ लावून प्रत्येक ठोक्याचं बीपी बघता का? दोन, फक्त टिल्ट करता की वाल्साल्वा (नळीत जोरानं फुंकायची) आणि खोल श्वासाची टेस्ट पण? पहिल्याचं उत्तर "कशाला, दंडाचा कफ आहे ना" असं आलं तर ती लॅब बेशुद्धी शोधायला ठीक असेल, नसांसाठी अर्धवट. दंडाचा कफ फुगून उतरेपर्यंत अर्धं मिनिट जातं, आणि जे बघायचंय ते पंधरा-वीस सेकंदात होऊन जातं. बोटावरून सलग बीपी मोजायची ही कल्पना १९७० च्या दशकात यान पेन्याझ नावाच्या चेक शास्त्रज्ञाची, बोटाला अजिबात टोचत नाहीत, फक्त थोडं आवळल्यासारखं वाटतं.

डायबेटिस कॅम्पमध्ये रंगीत एक पानी रिपोर्ट देणारी मशीन्स असतात, पायाखाली प्लेट वगैरे. चाळणी म्हणून ठीक. त्यावर "सिव्हिअर" छापून आलं म्हणून घाबरू नका आणि "नॉर्मल" आलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

आदल्या दिवशी

चहा. हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण होतं. आदल्या रात्रीपासून चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री, विडी, दारू काही नाही, साधारण १२ तास. मिश्री लोक धरतच नाहीत व्यसनात, पण निकोटिन ते निकोटिनच. टेस्टच्या आधी ३-४ तास पोटभर जेवण नको, थोडं हलकं आधी खाल्लं तर चालतं, डायबेटिस असेल तर उपाशी किती राहायचं ते विचारून घ्या, शुगर कमी झाली तर टेस्टचा पण विचका आणि माणसाचा पण. साधं पाणी आदल्या दिवशी नेहमीसारखं प्या, पण टेस्टच्या तोंडावर गटागटा बाटली संपवू नका कारण अशा पेशंटमध्ये अर्धा लिटर पाणी एकदम प्यायल्यानंच बीपी बरंच वर चढतं आणि खरं चित्र दिसत नाही.

गोळ्या कुठल्या थांबवायच्या आणि किती दिवस, हे लॅबकडून लेखी घ्या आणि ते लिखित तुमच्या डॉक्टरांना दाखवा. सर्दीची गोळी, अॅलर्जीची गोळी, अॅमिट्रिप्टिलिन घामाच्या टेस्टचा निकाल बिघडवतात. पण बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडिन स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, बीपी उसळतं, हृदयाचा धोका असतो.

ढगळ कपडे, पायाला तेल-क्रीम नाही, पोटाचा पट्टा आणि आवळ मोजे काढून. लघवी करून जा. ताप, जुलाब झाले असतील तर तारीख पुढं ढकला. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, डायबेटिसमुळे पडद्यात रक्तस्राव होत असेल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा हृदयाची झडप अरुंद असेल तर आधीच सांगा, जोर लावून फुंकायची टेस्ट अशांना करत नाहीत. आणि गाडी चालवायला दुसरा माणूस न्या.

खोलीत काय होतं

छातीला ईसीजीचे चिकटे, बोटाला कफ, आणि वीस मिनिटं शांत पडून राहणं. खोली थंड असते, चादर मागा.

पहिली टेस्ट खोल श्वासाची. मिनिटाला ६ श्वास, म्हणजे ५ सेकंद आत आणि ५ सेकंद बाहेर. श्वास घेताना नाडी वाढते, सोडताना कमी होते, ही मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस नसेची हजेरी. तरुण माणसात हा फरक मिनिटाला १५ ठोक्यांच्या वर असतो, १० किंवा कमी असेल तर बिघाड धरतात. पण वय वाढलं की फरक कमी होतोच, त्यामुळे सत्तरीच्या माणसाला पंचविशीचा आकडा लावला असेल तर रिपोर्टवर वयानुसार तुलना केलीय का ते विचारा. घरी आदल्या दिवशी घड्याळ लावून सराव केला तर सोपं जातं, प्राणायाम करणाऱ्यांना तर काहीच अवघड नाही.

मग वाल्साल्वा. इटलीचे अंतोनिओ मारिया वाल्साल्वा हे सतराव्या-अठराव्या शतकातले शरीररचनाशास्त्रज्ञ, त्यांच्या नावानं. एका नळीत फुंकायचं आणि समोरचा काटा ४० वर १५ सेकंद धरून ठेवायचा. ऐकायला सोपं, पण अण्णांची कवळी काढलेली, ओठाच्या कडेनं हवा फुस्स. तीन-चार वेळा करावं लागलं आणि सगळे हसायला लागलो, अण्णा पण. यात होतं काय ते समजून घ्या कारण माझ्या मते अख्ख्या तपासणीतला हा सगळ्यात बोलका भाग आहे. फुंकताना छातीत दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, बीपी उतरायला लागतं. चांगल्या माणसात सात-आठ सेकंदात रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी फुंकत असतानाच परत वर यायला लागतं. फुंकणं सोडलं की हृदयात रक्त भरून येतं पण वाहिन्या अजून आवळलेल्याच, म्हणून बीपी नेहमीपेक्षा वर उडी मारतं आणि नाडी मंद होते. म्हणजे आलेखात एक दरी, तिच्यातच थोडी चढण, आणि शेवटी एक शिखर. ऑटोनॉमिक फेल्युअरमध्ये दरीतली चढण नाही आणि शिखर पण नाही, घाटातून उतरलेली गाडी वर यायचं नावच घेत नाही. अण्णांचा आलेख अगदी तसा होता, मला डॉक्टर नसून दिसला.

हाताची मूठ आवळून धरायची टेस्ट पण असते, स्वतःच्या जास्तीत जास्त ताकदीच्या ३० टक्के, ५ मिनिटं. खालचं बीपी १६ किंवा जास्त वाढायला हवं. सांधेदुखीवाल्यांना जमत नाही, सांगून टाका. काही ठिकाणी बर्फाच्या पाण्यात मिनिटभर हात. आणि झटकन उभं राहून नाडी बघतात: १५ व्या ठोक्याजवळ नाडी सगळ्यात जलद, ३० व्या जवळ परत संथ, या दोन ठिकाणच्या ठोक्यांमधल्या अंतराचं गुणोत्तर १.०४ किंवा वर हवं, १.०० किंवा खाली म्हणजे गडबड. खोल श्वास, वाल्साल्वा, मूठ, आणि उभं राहिल्यावरची नाडी आणि बीपी, या पाच टेस्टचा संच एडिंबरामधल्या युइंग आणि क्लार्क यांनी डायबेटिसच्या पेशंटसाठी बसवला, आपल्याकडच्या बहुतेक रिपोर्टवर "युइंग बॅटरी" लिहिलेलं दिसेल ते हेच, मला आधी वाटलं मशीनची बॅटरी!

टिल्ट टेबलला लोक फार घाबरतात. पट्टे बांधून टेबल ६० ते ७० अंशात उभं करतात, पाय टेकायला फळी असते. नसांच्या शंकेसाठी साधारण १० मिनिटं पुरतात. बेशुद्धीचं कारण शोधत असतील तर अर्धा-पाऊण तास ठेवतात आणि कधी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. तर विचारा, आपण यातलं काय शोधतोय? कारण आलेख दोन वेगळे असतात. साधी बेशुद्धी, म्हणजे रक्त बघून किंवा लग्नाच्या गर्दीत उभं राहून येते ती, त्यात बराच वेळ बीपी छान असतं आणि मग एकदम बीपी आणि नाडी दोन्ही कोसळतात. फेल्युअरमध्ये टेबल उभं केल्या केल्या बीपी उतरायला सुरुवात, उतरतच जातं, नाडी मख्ख. भोवळ आली तर टेबल लगेच आडवं करतात, काही सेकंदात माणूस शुद्धीवर. अंधारी यायला लागली की लगेच बोला, गप्प राहून शूरपणा दाखवू नका.

घामाच्या टेस्ट आपल्याकडे कमी ठिकाणी होतात. क्यूसार्टमध्ये हात आणि पायावर चार ठिकाणी छोट्या डब्या चिकटवून अॅसिटिलकोलीन हलक्या करंटनं कातडीत सोडतात आणि किती घाम आला ते मोजतात, मेयो क्लिनिकच्या फिलिप लो यांनी १९८३ मध्ये ही मांडली, मुंग्या चावल्यासारखं होतं म्हणतात. दुसरी अंगभर पावडर लावून गरम खोलीत झोपवायची, घाम आला तिथं पावडरचा रंग बदलतो, हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो ना तसाच प्रकार, पिवळसर-नारिंगीची जांभळी होते, आणि फोटोत जिथं रंग बदललाच नाही तो भाग दिसतो. बऱ्याच ईएमजी (नसा-स्नायूंची विजेची तपासणी) लॅबमध्ये एसएसआर म्हणून सोपी टेस्ट करतात, पण साठीनंतर तिचा प्रतिसाद निरोगी माणसातही बऱ्याचदा येत नाही, तेव्हा तेवढ्यावर निदान करू देऊ नका.

मग पुढच्या टेस्ट कशासाठी?

बीपी पडतंय आणि नसांमुळे पडतंय हे कळलं. आता प्रश्न हा की बिघाड कुठं आहे, मेंदूत की बाहेरच्या नसांत. कारण नावं आणि पुढचा प्रवास वेगळा. फक्त ऑटोनॉमिक नसा गेल्यात आणि चालणं-बोलणं शाबूत, असा आजार ब्रॅडबरी आणि एगल्स्टन यांनी १९२५ साली वर्णन केला, तो प्युअर ऑटोनॉमिक फेल्युअर, बऱ्याच जणांत वर्षानुवर्षं हळू चालतो. सोबत पार्किन्सनसारखा ताठरपणा किंवा तोल जाणं, तर १९६० साली शाय आणि ड्रेगर यांनी लिहिलेला, आता मल्टिपल सिस्टीम अॅट्रोफी म्हणजे एमएसए म्हणतात तो, हा जास्त वेगानं जातो. पार्किन्सनमध्ये पण बीपी पडतंच.

हे वेगळं करायला रक्तातलं नॉरअॅड्रेनालिन झोपून आणि उभं राहून बघतात. सुई आधीच लावून ठेवतात, अर्धा तास झोपवतात, मग उभं करून परत रक्त. निरोगी माणसात उभं राहिल्यावर ते साधारण दुप्पट होतं. प्युअर फेल्युअरमध्ये झोपूनच फार कमी असतं, एमएसएमध्ये झोपून ठीक पण उभं राहून वाढत नाही. सॅम्पल बर्फात जायला लागतं, नाहीतर निकाल फुकट, लॅबला विचाराच. एमआयबीजी स्कॅन हृदयाच्या नसा बघतो: पार्किन्सन आणि प्युअर फेल्युअरमध्ये हृदय स्कॅनवर उमटतच नाही, एमएसएमध्ये बहुतेक वेळा उमटतं. लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरली याची साधी सोनोग्राफी पण खूप सांगून जाते, १०० मिलीच्या वर उरत असेल तर एमएसएकडे बोट. आणि सगळ्यांनी करावीच अशी एक, २४ तासांचं बीपी. रात्री बीपी १०-२० टक्के उतरायला हवं, या पेशंटमध्ये बऱ्याचदा उलट झोपल्यावर चढतं. अण्णांचं पहाटे १८० च्या वर होतं, त्यामुळे रात्रीची बाजू न बघता फक्त उभ्याचं बीपी वाढवायची गोळी सुरू केली तर पंचाईत.

थोड्या काळात, काही आठवड्यांत सगळं झालं असेल तर अँटिबॉडीची टेस्ट (शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलंय का ते बघणारी) विचारा, कारण तो प्रकार उपचारानं सुधारू शकतो. वजन उतरणं, हातपाय बधिर, मनगटातली नस दबलेली, घरात अजून कोणाला असंच, तर अॅमिलॉइड (नसांत आणि अवयवांत साचणारं खराब प्रथिन) बघतात, पोटाच्या चरबीचा छोटा तुकडा काढून.

रिपोर्ट हातात आल्यावर

शेवटचं एक वाक्य वाचून फाईल बंद करू नका. आलेखाची पानं मागा, न्यूरॉलॉजिस्टना आकड्यांपेक्षा तीच हवी असतात. काही लॅब ० ते १० असा कास स्कोर देतात, त्यात घामाला ३, हृदयाच्या नसेला ३ आणि बीपीच्या नसांना ४, बेरीज जास्त तेवढा बिघाड जास्त. टेस्टच्या दिवशी कुठल्या गोळ्या चालू होत्या ते रिपोर्टवर लिहिलंय का बघा, नसेल तर पेननं तुम्ही लिहा.

पुढच्या अपॉइंटमेंटला रिपोर्ट, घरचा आठवड्याचा तक्ता आणि गोळ्यांची यादी हे तीन कागद सगळ्यात वर लावा, एमआरआयच्या फिल्म खाली. आणि औषध बदललं की दर वेळी आठवडाभर तोच झोपून-उभं राहूनचा तक्ता परत, त्याच वेळांना, त्याच मशीननं. आमचा फ्रिजवर लावलाय, सकाळचं रीडिंग अण्णा आता स्वतः लिहितात, तिकिटांचा हिशोब लिहायचे तसा, डाव्या बाजूला वेळ, उजवीकडं आकडे, आणि चहा त्यानंतरच.